उंटाचं दुसरं पत्र

रविवारी दुपारी तो ओट्यापाशी भांडी पुसत उभा होता आणि आतल्या खोलीत तिचं यंत्र बोलत होतं. त्या बोलण्याची त्याला सवय झाली होती, म्हणजे ते कानावर पडायचं पण आत उतरायचं नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा तो आवाज ती इतक्या वेगानं लावायची की दुसऱ्या कुणाला ती भाषाच वाटू नये. पत्र्यावर कुणी वाळू ओतत राहावी तसा एकसारखा सरसराट. तिला मात्र त्यातलं स्वल्पविरामासकट सगळं कळायचं. नऊ वर्षांत त्याला त्यातला एक शब्द कधी धड लागला नव्हता. आज लागला. सरसराट तुटला, तिनं बहुधा बाणाचं बटण एकेकदा दाबायला घेतलं असावं, आणि यंत्र स्वच्छ म्हणालं, "उंट, पत्र दोन." मग पुन्हा वाळू. त्यानं हातातली कोरडी बशी ओल्या भांड्यांत ठेवली आणि ते लक्षात आल्यावर उचलून पुन्हा पुसायला लागला.

"काय चाललंय गं?" त्यानं तिथूनच विचारलं. आवाज नेहमीसारखा निघाला याचं त्याला बरं वाटलं.

"जागा करतेय," ती म्हणाली. "क्लाउडवरची जागा भरली होती, ऑफिसनं वाढवून दिलीये. आता ठरवतेय, काय या कॉम्प्युटरवर ठेवायचं, काय नुसतं वर ठेवायचं, कुणाला काय दिसू द्यायचं."

"एवढं काय साठलं?"

"माळ्यावरची पेटी नव्हती का नेली मी मागच्या महिन्यात ऑफिसात? तिथल्या स्कॅनरवर सगळे कागद चढवले. दोनशे बारा फाइली झाल्या."

"वाचतं का ते जुनं सगळं?"

"छापील वाचतं. हातानं लिहिलेलं असलं की नुसतं अडखळतं, मग मी पुढे जाते."

त्याला क्षणभर हायसं वाटलं. पत्र हातानंच लिहितात लोक. मग त्याच्या डोळ्यांसमोर तो कागद आला, पातळ, पिवळसर, मागून बोट फिरवलं तर पूर्णविराम हाताला लागावेत इतका जोरानं टाइप केलेला. उंटाचं अक्षर वाईट होतं म्हणून तो कचेरीतल्या टाइपरायटरवर पत्रं लिहायचा. पहिल्या पत्रात तशी माफीही मागितली होती त्यानं.

एकोणीस वर्षं झाली त्याला. ती तेव्हा कायदा शिकत होती आणि तिला दिसत नसल्यामुळे ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत पुस्तकं वाचून दाखवायला दोघं जण येत. सोम, बुध, शुक्र हा. मंगळ, गुरू, शनी तो दुसरा. दुसऱ्याचा आवाज फार वरून येतो म्हणून तिनं त्याचं नाव उंट ठेवलं होतं, आणि उंटालाही ते आवडलं असावं, कारण पत्राखाली तो तेच नाव घालायचा. याला तिनं कधी टोपणनाव दिलं नाही. तेव्हा त्यानं ते मनावर घेतलं नव्हतं, म्हणजे रोज थोडं थोडं घेतलं होतं. खरं तर वाचणारा म्हणून उंट सुमार होता. जोडाक्षरांना ठेचकाळायचा, वाक्याच्या मध्येच थांबून त्या कायद्याची टिंगल करायचा, खिडकीबाहेर काय चाललंय ते सांगत बसायचा. हा प्रुफं वाचणाऱ्या घरातला. वडील छापखान्यात मुद्रितशोधक, पुढे हाही तिथंच लागला. वाचताना स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं तोंडानं म्हणायची त्याला लहानपणापासून सवय. त्याच्याकडून तिला एक वेलांटी चुकीची मिळाली नाही. तरी मंगळवारी तो उगाच शेजारच्या टेबलाशी येऊन बसे, आणि दाराच्या फटीतून तिचं हसणं येई. त्याच्या दिवशी ती टिपणं घ्यायची. हसायची नाही असं नाही, पण ते हसणं परीक्षेला येणाऱ्या प्रश्नासारखं असे, अपेक्षित ठिकाणी.

मग उंटाला दूरच्या शहरात नोकरी लागली आणि सहाही वार याचे झाले. पुढे लग्न झालं. दहा वर्षं त्यानं तिला सगळं वाचून दाखवलं: वर्तमानपत्र, औषधांच्या बाटल्या, वीजबिल, तिच्या आईची पत्रं, शेजारणीनं आणून दिलेली कादंबरी. कायद्याची पदवी भिंतीवर टांगून ती एका कंपनीत टेलिफोनवर बसत होती, दिवसभर 'थांबा हं, जोडून देते' म्हणत. घरी आली की ती हात पुढं करायची आणि तो त्या हातातला कागद घ्यायचा. त्या क्षणी त्याला जे वाटायचं त्याला त्यानं कधी नाव दिलं नाही. घरात एकच किल्ली असावी आणि ती आपल्या खिशात असावी, तसं काहीसं. नऊ वर्षांपूर्वी हे यंत्र आलं आणि हात पुढं यायचा थांबला. वर्षभरात ती कामगारांचे दावे चालवणाऱ्या एका कार्यालयात लागली, आता तिथले मसुदे तिच्याच हाताखालून जात. तिची धाकटी बहीण एकदा चहा पिता पिता म्हणाली होती, "भाऊजी, तुम्हाला चांगलीच सवत आणलीये हो ताईनं." सगळे हसले, तोही हसला. छापखान्यात गेल्यावर मात्र त्यानं शब्दकोश काढून पाहिला. सवतीला पुल्लिंगी शब्द नव्हता. ज्याला शब्द नाही त्या गोष्टीबद्दल माणसानं कुणापाशी तक्रार करायची, हा विचार तेव्हापासून त्याच्या डोक्यात कुसळासारखा राहिला होता.

यंत्राचा राग त्याला येत होता तो ते जलद वाचतं म्हणून नव्हे. एखादं वाक्य तिसऱ्यांदा वाच म्हटलं तरी ते उसासा टाकत नाही, म्हणूनही नव्हे. ते काही गाळत नाही, हे त्याला खरं टोचत होतं. समोर येईल ते सगळं वाचतं, पानाचा आकडासुद्धा, कोपऱ्यातला डागसुद्धा अक्षर समजून वाचायला जातं. त्याला कुणाची बाजू नाही. आणि रविवारी ओल्या फडक्यानं कोरडी बशी पुसताना त्याला कळलं की नऊ वर्षं आपण ज्याला हेवा म्हणत होतो त्याच्या पोटात भीती होती.

ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून त्यानं तिला ते दुसरं पत्र वाचून दाखवलं होतं. ती संत्रं सोलत होती. वाचता वाचता डोळा पुढच्या परिच्छेदाकडे गेला, प्रुफं वाचणाऱ्याचा डोळा तोंडाच्या दोन ओळी पुढं असतोच, आणि तिथं जे दिसलं ते त्यानं वाचलं नाही. ठरवून नाही. म्हणजे ठरवायला वेळच नव्हता. तो सरळ त्याच्या खालच्या परिच्छेदावर गेला, तिथं उंटानं लिहिलं होतं की इथलं पाणी जड आहे, साबणाला फेस येत नाही. ती हसली. "एवढंच?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "एवढंच." तिनं संत्र्याची एक फोड त्याच्या हातावर ठेवली. ती गोड होती, अजून त्याला आठवत होतं ते.

सोमवारी छापखान्यात त्याचं लक्ष लागेना. एका पाठ्यपुस्तकाची प्रुफं होती आणि त्याला प्रत्येक ओळीत काहीतरी सुटलंय असं वाटत होतं. सुटलेल्या शब्दाच्या जागी करायची हंसपदाची खूण तो करत गेला, मग मूळ प्रतीशी ताडून बघितलं तर सगळे शब्द जागच्या जागी. शेजारच्या म्हाताऱ्या मुद्रितशोधकानं पान उचलून चष्म्याजवळ नेलं. "हंसांचा कळप सोडलायस की रे पानावर," तो म्हणाला. "घरी बरंय ना?" बरं आहे म्हणाला. मंगळवारी त्यानं अर्धा दिवस रजा टाकली.

ती ऑफिसात होती. घर दुपारचं, पडदे ओढलेलं, फ्रीजच्या घरघरीशिवाय काही नाही. तिच्या खुर्चीवर बसताना त्याला उशीला तिच्या अंगाचा खोलगट आकार लागला आणि तो थोडा पुढं सरकून बसला. कॉम्प्युटर चालू केला. पडदा काळाच राहिला. ती तो नेहमी काळा ठेवायची. मागं उभं राहून कुणी वाचू नये म्हणून तशी सोय असते, हे तिनं कधीतरी सांगितलं होतं. तो उजळायचा कसा ते मात्र त्यानं विचारलं नव्हतं. डोळे असून उपयोग नव्हता. यंत्र भसाभसा काहीतरी बोललं. त्यानं एक बटण दाबलं, ते आणखी बोललं. मेहुणीला एकदा ऐकायचं होतं तेव्हा बायकोनं तीन बटणं एकत्र दाबून वेग कमी केला होता, तो हातांचा आकार त्याला आठवत होता. चार-पाच वेळा चुकला. मग जमलं, आणि वाळू हळूहळू शब्दांत सुटी व्हायला लागली. पुरुषाचा आवाज होता, जरा नाकात, सभ्य. इतकी वर्षं घरात राहणाऱ्या माणसाशी आज पहिल्यांदा ओळख व्हावी तसं त्याला झालं.

"क्लाउड फोल्डर. जुने कागद. यादी. दोनशे बारापैकी एक." बाणाचं बटण दाबत तो खाली उतरत गेला. यंत्र एकेक नाव घेत होतं. "आई, पत्र एक. या कॉम्प्युटरवर कायम. आई, पत्र दोन. या कॉम्प्युटरवर कायम. टेलिफोन, नेमणूक. फक्त ऑनलाइन." प्रत्येक कागदाचं तिनं काहीतरी ठरवलं होतं. काही हाताशी, काही वर. लग्नाच्या नोंदणीचा दाखला फक्त ऑनलाइन होता, यावर तो थबकला. त्यात काही अर्थ नाही, दाखला रोज कोण वाचतं, असं त्यानं स्वतःला समजावलं, आणि तरी पुढचं नाव ऐकायला त्याला थोडा वेळ लागला. "उंट, पत्र एक. फक्त ऑनलाइन." आणि मग, "उंट, पत्र दोन. या कॉम्प्युटरवर कायम."

त्यानं एंटर दाबलं. यंत्रानं घसा न खाकरता सुरुवात केली. तारीख, पत्ता, कुशल. त्याला ते पत्र पाठ होतं, यंत्राच्या एक शब्द पुढं तो मनात म्हणत होता, आणि ती जागा आली तेव्हा नकळत त्यानं खाली उडी घेतली, जड पाण्यावर. यंत्रानं घेतली नाही. ते त्याच एका सुरात म्हणालं: आमच्या कार्यालयात एक जागा निघतेय. छापील कागद वाचून दाखवणारं यंत्र आलंय इथं, ते चालवायला माणूस हवाय, आणि तुझ्यासारखा हवाय. मी साहेबांशी बोललोय. दहा तारखेला मुलाखत आहे, राहायची सोय माझ्या थोरल्या बहिणीकडे. तू आलीस तर मला किती आनंद होईल हे सांगायला नको, तरी सांगतो. उत्तर आलं नाही तर तुझी इच्छा नाही असं समजेन, पुन्हा विचारून त्रास देणार नाही.

मग पाणी. मग साबण.

त्याला वाटलं होतं की इतक्या वर्षांनी ऐकताना यातला प्रेमाचा भाग मोठा निघेल, कारण मनात तो तेवढाच उरला होता, फुगून. पण चार ओळी नोकरीच्या होत्या आणि दीड ओळ आनंदाची. त्या दीड ओळीला घाबरून त्यानं त्या चारही ओळी गिळल्या होत्या. दहा वर्षं ती टेलिफोनवर बसली होती. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण यंत्राच्या तोंडून ते पहिल्यांदा हिशेबासारखं समोर आलं, कुणी काही न बोलता. आणि इतकं होऊनही, त्याच क्षणी, त्याला दुसरंच लागून राहिलं: आई आणि उंट, दोघंच या कॉम्प्युटरवर कायम, आपला दाखला वर. त्या रागातच त्यानं डिलीट दाबलं असेल. यंत्रानं विचारलं, "उंट, पत्र दोन, हटवायची? ही फाइल तुमच्या सर्व उपकरणांवरून जाईल." त्यानं पुन्हा एंटर दाबलं. "हटवली," यंत्र म्हणालं. "यादी. दोनशे अकरा." त्यानं कॉम्प्युटर बंद केला, खुर्ची होती तशी सरकवली, उशीवर हात फिरवला. मग चहा केला आणि तो गार होईपर्यंत बघत बसला.

ती साडेपाचला आली. काठी कोपऱ्यात ठेवली, तोंडावर पाणी मारलं, आणि एक अर्ज धाडायचा राहिलाय म्हणत आत गेली. तो दाराशी वर्तमानपत्र घेऊन उभा राहिला. यंत्र सुरू झालं, आणि वेग पुन्हा वाढवायचा राहिला हे त्याला कळलं. ते सावकाश बोलत होतं. शब्दाशब्दाला थांबत, लहान मुलाला समजावावं तसं. "जुने... कागद... यादी... दोनशे... अकरा."

तिचे हात बटणांवर होते तसेच राहिले. "कुणी बसलं होतं इथं?" तिनं विचारलं.

"तुझी बहीण येऊन गेली दुपारी," तो म्हणाला. "काहीतरी बघायचं होतं म्हणे तिला."

"दुपारी ती माझ्याबरोबर जेवली. ऑफिसच्या खाली."

तिनं तीन बटणं दाबली आणि आवाज पुन्हा वाळू झाला. थोडा वेळ ती काहीतरी शोधत राहिली, मग वेग आपणहून पुन्हा कमी केला. त्याच्यासाठी, हे त्याला कळलं.

"हटवलेल्या फाइली. एक," यंत्र म्हणालं. "एकोणतीस दिवस शिल्लक."

"महिनाभर राहतं सगळं," ती म्हणाली. "चुकून जातं ना लोकांकडून." तिनं एक बटण दाबलं. यंत्र म्हणालं, "परत आणली."

"मी सांगणार होतो," तो म्हणाला.

"मी ऐकलंय ते. गेल्या बुधवारी, ऑफिसात, कानात घालून. चार वेळा ऐकलं. तू सांगशील म्हणून थांबले होते." ती खुर्चीत त्याच्याकडे वळली, म्हणजे दाराच्या जरा डावीकडे, तो वर्तमानपत्र हलवत नव्हता म्हणून. "काहीतरी गेलंय हे मला तेव्हाच कळलं होतं."

"कसं?"

"तू 'नवा परिच्छेद' म्हणालास. मग पुन्हा 'नवा परिच्छेद' म्हणालास. मध्ये काही वाचलंच नाहीस. तुझ्यासारखा माणूस असं करत नाही."

त्याला हे आठवत नव्हतं. एकोणीस वर्षं तो आपला आवाज हलला नाही या एका गोष्टीच्या आधारावर राहिला होता.

"मग विचारलं का नाहीस?"

"मला वाटलं, प्रेमाबिमाचं असेल." तिनं खांदे उडवले. "ते ऐकून मला काय करायचं होतं? माझं ठरलं होतं. तुझ्याशीच लग्न करायचं होतं मला. उलट बरंच वाटलं थोडं, याला जळायलाही येतं म्हणून." तिनं बोटानं खुर्चीचा हात चाचपला. "नोकरीचं असेल असं नाही वाटलं रे."

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची टिक टिक चालू होती. आता आपण काय म्हणायला हवं हे त्याला माहीत होतं, ते एका ओळीचं होतं, पण तोंडाच्या दोन ओळी पुढं असलेला डोळा भलतीकडेच गेला होता आणि तेच बाहेर पडलं.

"त्याला फोन केलास?"

"हे विचारायचंय तुला?"

"केलास का?"

"केला. त्याच्या जुन्या कचेरीतून नंबर मिळाला." ती किंचित हसली. "त्याला आठवायला वेळ लागला. कोण, कुठली, असं चाललं होतं. ग्रंथालय म्हटल्यावर लागलं डोक्यात. मुलगा दहावीला आहे त्याचा. उंट हे नाव विसरला होता, मी आठवण दिली तर म्हणाला, हो का, असं म्हणायचात तुम्ही मला?"

एकोणीस वर्षं ज्या माणसाकडे पाठ करायची त्याची छाती झाली नव्हती, त्या माणसानं केव्हाच मान फिरवली होती. ज्या दाराशी तो पहारा देत होता त्या दारामागं कुणी नव्हतंच.

"नोकरीचं मात्र त्याला आठवत होतं," ती म्हणाली. "मी नाही आले तेव्हा त्यांनी दुसऱ्या एका मुलीला घेतलं. माझ्याच वयाची. बारावी झालेली होती नुसती. ती आता तिथली प्रमुख आहे, चाळीस माणसं आहेत हाताखाली. मी तिचं नाव शोधून काढलं, तिची भाषणं ऐकली. चांगली बोलते. कुठं थांबायचं ते तिला कळतं." तिचा आवाज पहिल्यांदा खालच्या पट्टीत गेला. "तुला त्याचा हेवा वाटला ना, तो मला आता कळतो. आठवडा झाला, मला तिचा वाटतोय. झोपेतून उठले की आधी ती आठवते. माझं घर, माझं ऑफिस, माझी खुर्ची, सगळ्यावर तिचंच नाव आहे असं वाटतं. आणि तिनं माझं काहीच केलेलं नाही."

तो पुढं झाला. तिच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही हे त्याला ठरवता येईना. माफी मागायचा शब्द त्याच्या तोंडात होता. तो त्यानं म्हटलाही, अगदी हळू. तिनं ऐकल्यासारखी मान हलवली. नको म्हणाली नाही, असू दे म्हणाली नाही. पुन्हा कॉम्प्युटरकडे वळली आणि टॅबचं बटण दाबत कुठंतरी खोल गेली. यंत्र अजून त्याला कळेल अशा वेगानंच बोलत होतं.

"जुने कागद. शेअर करा, बटण. नाव किंवा पत्ता लिहा." तिनं त्याचा ई-मेलचा पत्ता लिहिला. यंत्रानं तो एकेका अक्षरानं वाचला. "परवानगी. बदल करू शकतो."

तिनं बाण खाली दाबला.

"फक्त पाहू शकतो."

तिथं ती थांबली. त्याला वाटलं ती काही बोलेल. तिनं एंटर दाबलं.

"पाठवलं," यंत्र म्हणालं, आणि त्याच्या खिशात फोन थरथरला.

तो जेवणघरात आला, खुर्ची ओढून बसला. फोनच्या पडद्यावर दोनशे बारा कागदांची यादी उघडली होती. आई, टेलिफोन, दाखला. त्यानं दुसऱ्या पत्रावर बोट ठेवलं आणि तो पातळ पिवळसर कागद वर आला, मधल्या परिच्छेदासकट.

"आलं का?" तिनं आतून विचारलं.

"आलं."

"वाच मग," ती म्हणाली. "मोठ्यानं नको."